मासेमारी बंदीच्या दिवसांत उघड झालेली तक्रार: दीर्घकाळचे मद्यपान आणि पुरुषाचे लैंगिक आरोग्य – एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोणा एका माणसाचे नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, वेंगुर्ले ते देवगड या पट्ट्यातील बंदरगावांत जशी परिस्थिती असते तिच्यावरून ते उभे केले आहे. रुग्णाचे वय, मोजमापे आणि तपासण्यांचे आकडे उदाहरणादाखल घ्यावेत. त्यामागची शरीरक्रिया आणि उपचारांची तत्त्वे मात्र प्रस्थापित वैद्यकाला धरून आहेत.

तक्रार एकाची, तपासण्या दुसऱ्याच्या

रुग्णालयात आधी आली ती पत्नी. वय ३४, व्यवसाय मासळीविक्री, पहिली मुलगी नऊ वर्षांची आणि दुसरे मूल सहा वर्षे राहत नाही ही तक्रार. तिच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा होता: थायरॉईडची तपासणी, दोन वेळची सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या असल्याचा एक्स-रे, संप्रेरकांचे अहवाल. सगळे काही व्यवस्थित. याखेरीज ग्रामदेवतेला कौल लावून झाला होता, गाऱ्हाणे घालून झाले होते, आणि सासूच्या आग्रहाने गोव्यातल्या एका डॉक्टरचे औषधही तीन महिने घेऊन झाले होते. त्या गठ्ठ्यात नवऱ्याचा एकही कागद नव्हता.

मूल न राहणाऱ्या जोडप्यांपैकी चाळीस ते पन्नास टक्के जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, आणि वीर्यतपासणी ही सगळ्या तपासण्यांत स्वस्त, विनावेदना आणि लवकर होणारी आहे. तरीही आपल्याकडे ती शेवटी येते, किंवा येतच नाही. नवरा ३९ वर्षांचा, ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याचे उत्तर ठरलेले होते: “तिका तपासा, माका कित्याक? चेडू आसा मा आमका!” नऊ वर्षांपूर्वी मूल झाले म्हणजे आजही सारे ठीक असणार, हा तर्क वरवर पटण्यासारखा वाटतो, पण त्या नऊ वर्षांत त्याच्या शरीरात काय घडत गेले, हा प्रश्न त्याला घरात किंवा दवाखान्यात कोणी विचारलेला नव्हता.

सिस्टरांनी पत्नीला बाजूच्या खोलीत बसवून एकटीला विचारले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. गेले दीड वर्ष दोघांत शरीरसंबंध जवळपास नव्हताच, आणि त्याआधीचे वर्षही “कधीमधी, तेही अर्धवट” असे गेले होते. दुसरे मूल का राहत नाही, याचे पहिले उत्तर इतके साधे होते. ते अडीच वर्षे कोणाला सापडले नाही, कारण घरातल्या त्या विषयावर बोलायचे तर “खयच्या तोंडान सांगू?” हा तिचा प्रश्न होता.

नवरा जुलैत आला. जूनपासून यांत्रिक नौकांवर पावसाळी मासेमारी बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि माणसे घरी. या काळात पिणे वाढते, तसेच एरवी समुद्रावरच्या गैरहजेरीत झाकून राहणारी गोष्टही झाकली जात नाही. तो आला तो पत्नीच्या आग्रहाने नव्हे, तर पायांची आग होते आणि रात्री झोप लागत नाही म्हणून.

पिण्याचा हिशेब

“रोज थोडी घेतो” याचा अर्थ काढण्यासाठी बाटलीचे माप विचारावे लागते. तो एकोणिसाव्या वर्षी खलाशी म्हणून बोटीवर चढला तेव्हापासून घेत होता, आणि गेली बारा वर्षे रोज. हंगामात किनाऱ्यावर असताना दीड क्वार्टर, बंदीच्या दिवसांत दोन. एका क्वार्टरमध्ये १८० मिलिलीटर मद्य असते, ४२.८ टक्के तीव्रतेने त्यात सुमारे ७७ मिलिलीटर, म्हणजे वजनाने सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते. दोन क्वार्टर म्हणजे रोज १२० ग्रॅमच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत पुरुषासाठी दिवसाला १०० ग्रॅमच्या वरचे पिणे अतिजोखमीचे धरले जाते. गोव्याकडून येणारी स्वस्त बाटली त्याने हिशेबात सांगितली. सकाळची माडी मात्र सांगितली नाही, कारण माडी ही त्याच्या लेखी दारू नव्हतीच. तिच्यातही साधारण बिअरइतके अल्कोहोल असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याची जोखीम मोजणाऱ्या, दहा प्रश्नांच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत त्याचे गुण ४० पैकी २७ आले. २० किंवा अधिक गुण अवलंबित्वाची दाट शक्यता दाखवतात. बंदीच्या काळात डोळा उघडताच एक घोट घेतल्याशिवाय चहाचा कप हातात धरवत नाही, हे त्याने हसत सांगितले. त्यानंतर, दरवाजाकडे जाता जाता, त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: दोन वर्षांपूर्वी खोल समुद्रात गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला बोटीवर फिट आली होती. त्या फेरीत बाटली बरोबर नव्हती. खलाशांनी तोंडावर पाणी मारले, बंदरावर परतल्यावर ‘बाहेरचे’ काही असावे म्हणून नारळ फोडला गेला, आणि संध्याकाळी गुत्त्यावर गेल्यावर तो ठीक झाला. दारू अचानक थांबल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत येणारी ही फिट ओळखली गेली असती, तर दोन वर्षे वाचली असती.

तपासणीत काय दिसले

रक्तदाब १५०/९६. दोन्ही तळहात अंगठ्याच्या आणि करंगळीच्या उंचवट्यावर लाल. छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या चार बारीक रक्तवाहिन्या. मध्यबिंदूवर दाबले की फिकट पडणाऱ्या, सोडले की पुन्हा भरणाऱ्या. यकृत बरगडीखाली तीन बोटे लागत होते. दोन्ही स्तनाग्रांखाली नाण्याएवढी, दाबले की दुखणारी गाठ होती. त्यावर त्याचे स्पष्टीकरण असे की जाळे ओढून छाती भरली आहे. छातीवरचे आणि काखेतले केस विरळ झाले होते. वृषणांचा आकार मापण्यासाठी मण्यांची एक माळ असते, प्रत्येक मण्यावर त्याचे आकारमान मिलिलीटरमध्ये लिहिलेले. प्रौढ पुरुषात साधारण १५ ते २५ मिलिलीटर अपेक्षित असताना त्याचे दोन्ही वृषण १० च्या मण्याला जुळत होते आणि हाताला मऊ लागत होते.

डाव्या तळपायावर एक अर्धवट भरलेली जखम होती. शिंगाळा या माशाचा काटा घुसला होता आणि तो त्याला रात्री पाय धुताना रक्त दिसल्यावर कळला. शिंगाळ्याचा काटा ज्याला एकदा लागला आहे तो सांगेल की ती कळ धडधाकट माणसालाही खाली बसवते. त्याला ती जाणवलीच नव्हती. पायाच्या अंगठ्यावर ठेवलेल्या कंपन-चिमट्याचे कंप त्याला समजत नव्हते आणि घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे नव्हत्या. लैंगिक तक्रारीच्या दृष्टीने हा तळपाय महत्त्वाचा होता, कारण ज्या विषारी परिणामाने पायांच्या लांब नसा झिजतात त्याच परिणामापासून लिंगाकडे जाणाऱ्या बारीक स्वायत्त नसाही सुटत नाहीत.

रक्तात हिमोग्लोबिन ११.८, लाल पेशींचा सरासरी आकार १०४ (१०० च्या वर म्हणजे फुगलेल्या पेशी), प्लेटलेट १.३२ लाख. यकृताची विकरे: एएसटी १४२ आणि एएलटी ६१. पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असणे हे मद्यजन्य यकृतविकाराचे नेहमीचे चित्र आहे. यकृताचे आणखी एक विकर, जीजीटी, ३८८. बिलिरुबिन १.७ (थोडे जास्त), अल्ब्युमिन ३.४ (थोडे कमी). पोटात पाणी नव्हते. तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या मर्यादेखाली होती, हिपॅटायटिस बी आणि सी नव्हते. ताठरतेच्या तक्रारीत मधुमेह वगळल्याशिवाय दारूला एकटे दोषी धरणे चूक ठरते.

ताठरतेसंबंधीच्या पाच प्रश्नांच्या प्रमाणित प्रश्नावलीत त्याचे गुण २५ पैकी ७ आले, म्हणजे तीव्र दोष. पहाटे आपोआप येणारी ताठरता केव्हा थांबली हे त्याला आठवत नव्हते. तिच्या अभावावरून दोष मनाचा नसून शरीराचा आहे असा निष्कर्ष सहसा काढला जातो. रोज रात्री दारू पिऊन झोपणाऱ्या माणसाबाबत तो जपून काढावा, कारण ही ताठरता झोपेच्या स्वप्नावस्थेत येते आणि दारू नेमकी तीच अवस्था तोडते.

वीर्यतपासणीला तो चौथ्या भेटीत तयार झाला. प्रमाण १.१ मिलिलीटर, शुक्राणू प्रति मिलिलीटर ६० लाख, हालचाल करणारे २२ टक्के, योग्य आकाराचे २ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत या चारही गोष्टींच्या खालच्या मर्यादा अनुक्रमे १.४ मिलिलीटर, १ कोटी ६० लाख, ४२ टक्के आणि ४ टक्के अशा आहेत.

फसवा अहवाल

या प्रकरणात सर्वांत जास्त थांबण्यासारखी जागा टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी संप्रेरकाच्या, अहवालाची आहे. सकाळी आठ वाजता घेतलेल्या रक्तात एकूण टेस्टोस्टेरॉन ३४० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. प्रयोगशाळेने शेजारी ‘सामान्य’ असे छापले होते. तो कागद घेऊन एखादा डॉक्टर रुग्णाला “हार्मोन ठीक आहेत, टेन्शन घेऊ नका” असे सांगून परत पाठवू शकला असता, आणि असे घडतेही.

रक्तातले बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरते. त्यातले एक प्रथिन, ज्याला एसएचबीजी म्हणतात, यकृतात तयार होते आणि टेस्टोस्टेरॉनला इतके घट्ट धरते की ते पेशींना मिळत नाही. मद्याने बिघडलेल्या यकृतात हे प्रथिन वाढते. या रुग्णात ते ८८ नॅनोमोल प्रति लिटर होते, नेहमीच्या मर्यादेच्या बरेच वर. त्यामुळे एकूण आकडा चांगला दिसत असतानाही गणिताने काढलेले मुक्त टेस्टोस्टेरॉन अपेक्षित किमान पातळीच्या जेमतेम निम्मे निघाले. एकूण टेस्टोस्टेरॉन म्हणजे नाखव्याच्या, म्हणजे बोटमालकाच्या, वहीत लिहिलेली सगळी मासळी. तिच्यातली बरीचशी आधीच व्यापाऱ्याच्या बर्फाखाली अडकलेली असते, आणि घरात शिजते ती उरलेली.

या तुटवड्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकाच वेळी काम करतात. अल्कोहोल आणि त्याचे विघटन होताना तयार होणारे अॅसिटाल्डिहाइड वृषणातल्या, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींना थेट बाधतात. अल्कोहोल जाळण्यासाठी पेशी जे एनएडी नावाचे सहघटक वापरतात, तेच टेस्टोस्टेरॉन घडवायलाही लागते. पहिल्या कामात ते संपले की दुसरे काम अडते. वृषणात उत्पादन घटले तर मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीने एलएच हे संप्रेरक वाढवून वृषणांना जोराने हाक घालायला हवी. या रुग्णाचे एलएच ५.८ होते, पुन्हा ‘सामान्य’. मुक्त टेस्टोस्टेरॉन इतके खाली असताना एलएच सामान्य असणे हेच असामान्य आहे. वृषणांबरोबर मेंदूकडची यंत्रणाही दबल्याचे ते लक्षण होते. तिसरीकडे, पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात होणारे रूपांतर वाढते, आणि मुक्त टेस्टोस्टेरॉन घटल्याने दोहोंचे प्रमाण स्त्री-संप्रेरकाच्या बाजूला झुकते. लाल तळहात, छातीवरच्या रक्तवाहिन्या, स्तनांतल्या गाठी आणि विरळ केस ही या असमतोलाची बाहेरून दिसणारी खूण. जाळे ओढून छाती भरल्याचे त्याचे स्पष्टीकरण इथे गळून पडले, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

संप्रेरकांच्या कमतरतेने इच्छा मरते. ताठरतेला नसा आणि रक्तवाहिन्याही लागतात. कटिभागातल्या नसांनी नायट्रिक ऑक्साइड सोडल्यावर लिंगातल्या रोहिण्या सैल होतात आणि रक्त भरते. त्याच्या नसा झिजलेल्या होत्या, रक्तदाब वाढलेला होता, शिवाय वीस वर्षांची बिडी होती. आणि या सगळ्याच्या वर, जवळीक होण्याची जी वेळ त्या घरात शक्य होती, म्हणजे मुलगी झोपल्यानंतरची, त्या वेळी तो रोज नशेत असे. दीर्घकाळच्या परिणामांची चर्चा करताना हे सोपे कारण बाजूला पडते: अल्कोहोल मेंदूला मंद करते, आणि मंद मेंदूकडून ताठरतेचा संदेश नीट सुटत नाही.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत मद्यावलंबित्वासाठी दाखल झालेल्या शंभर पुरुषांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७२ टक्के पुरुषांत एक किंवा अधिक लैंगिक दोष आढळले होते. व्यसनमुक्तीसाठी येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला हा प्रश्न विचारला जावा यासाठी एवढे पुरेसे कारण आहे.

त्याने स्वतः केलेले उपाय

पहिला उपाय दारूच. दोनदा अपयश आल्यावर तिसऱ्या वेळी धीर यावा म्हणून त्याने घेणे वाढवले. दारूने भीती कमी होते हे खरे असल्यामुळे हा उपाय क्षणभर पटतो आणि म्हणूनच तो सुटत नाही. नंतर जत्रेतल्या तंबूतून शक्तीची पुडी आणली. अशा पुड्यांत सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरतेच्या गोळीतल्या औषधाची, भेसळ असल्याचे अनेकदा आढळलेले आहे. मग औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय शंभर मिलिग्रॅमची गोळी आणली आणि ती क्वार्टर संपल्यावर, तळलेल्या बांगड्याच्या जेवणानंतर घेतली. तेलकट जेवणाने गोळीचा परिणाम उशिरा येतो. दारू आणि गोळी दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, त्यामुळे रक्तदाब उतरतो. मध्यरात्री उठून बाहेर जाताना तो ओटीच्या पायरीवर कोसळला आणि भुवईवर टाके पडले. गावात सांगितले गेले की शेवाळावरून पाय घसरला.

यानंतर संशय सुरू झाला. पत्नी बाजारात मासळी विकते, व्यापाऱ्यांशी घासाघीस करते, फोनवर भाव विचारते. तिचा फोन तपासणे, बाजारात येऊन लांब उभे राहणे, रात्री उलटतपासणी, आणि एकदा हात उगारण्यापर्यंत मजल गेली. दीर्घकाळ पिणाऱ्या पुरुषांत जोडीदाराच्या निष्ठेविषयी विकृत संशय निर्माण होणे मनोविकारशास्त्राला जुने ठाऊक आहे, आणि लैंगिक अपयश त्याला खतपाणी घालते. इथे पत्नीशी एकांतात बोलून ती घरात सुरक्षित आहे का, रात्री जायला माहेर किंवा शेजार आहे का, हे आधी विचारले गेले आणि १८१ हा महिला मदत क्रमांक तिला दिला गेला. पतीचा आजार समजून घेण्याची अपेक्षा तिच्याकडून करण्याआधी एवढे करणे मला आवश्यक वाटते. आजार हे मारहाणीचे स्पष्टीकरण असू शकते, परवाना नव्हे.

उपचार

आधी फिट येऊन गेलेली असल्याने घरी दारू बंद करणे धोक्याचे होते. त्याला आठ दिवस दाखल केले. यकृत बिघडलेले असताना तुलनेने सुरक्षित राहणारे लोराझेपाम हे शामक देऊन रोज मात्रा उतरवत नेली. ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शिरेतून दिले; ही क्रमवारी उलटली तर थायामिनच्या तुटवड्यात असलेल्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिसऱ्या रात्री त्याला खाटेखाली पाणी शिरल्याचा भास झाला. पहाटेपर्यंत तो शांत झाला.

सासूने एक विनंती केली, जी जवळपास प्रत्येक घरातून येते: जेवणात गुपचूप घालायचे औषध द्या. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते माहिती देऊन, संमतीने आणि देखरेखीखाली द्यायचे असते. या रुग्णाचे यकृत आणि नसा दोन्ही बिघडलेल्या, आणि डायसल्फिराम दोहोंनाही बाधू शकते. नकळत दिले असते आणि तो बोटीवर प्यायला असता, तर किनारा गाठेपर्यंत काय झाले असते हे सासूला समजावून सांगावे लागले. त्याऐवजी दारूची ओढ कमी करणारे आणि यकृतावर भार न टाकणारे अॅकॅम्प्रोसेट सुरू केले, दिवसातून तीनदा दोन गोळ्या. रक्तदाबासाठी ताठरतेला बाधा आणणारी जुनी बीटा-ब्लॉकर आणि थायाझाइड गटातली औषधे टाळून अॅम्लोडिपिन दिले.

टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन त्याने स्वतः मागितले; मुंबईतल्या एका नातेवाइकाने घेतल्याचे ऐकले होते. ते दिले नाही. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने मेंदूकडचा आदेश आणखी दबतो आणि शुक्राणूंची निर्मिती थांबते. ज्या घरात मूल हवे आहे तिथे हा उपाय उलटा पडतो. शिवाय दारू थांबल्यावर शरीराची स्वतःची यंत्रणा कितपत उठते हे पाहिल्याशिवाय ते ठरवणे घाईचे झाले असते.

समुपदेशनात पहिली अट ही की पहिले सहा आठवडे संभोगाचा प्रयत्न करायचा नाही. जवळ बसणे, हात पाय चेपणे, स्पर्श, एवढेच. परीक्षा नसली की अपयशही नसते. अडचण वेगळीच निघाली. घर दोन खोल्यांचे, माजघरात सासू आणि मुलगी, आणि मधल्या दाराला कडी नाही. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी सासूशी बोलून मुलीसह तिची झोपण्याची जागा पडवीलगतच्या खोलीत हलवली आणि दाराला कडी बसली. पुस्तकातल्या कोणत्याही तंत्रापेक्षा या कडीचा उपयोग जास्त झाला असावा, असे पत्नीचे म्हणणे.

पुढचे वर्ष

नारळी पौर्णिमेला बोटी निघाल्या तेव्हा तो गेला नाही. नाखव्याने त्याला महिनाभर जाळ्यांच्या कामावर ठेवले. हे सहज झाले नाही, कारण तांडेलाचा हिस्सा आणि किनाऱ्यावरची मजुरी यांत मोठा फरक असतो, आणि त्या महिन्याचे घर पत्नीच्या टोपलीवर चालले.

इच्छा आधी परतली, साधारण पाचव्या आठवड्यात. सातव्या आठवड्यात पहाटेची ताठरता दिसू लागली. ती बातमी त्याने सिस्टरांना न सांगता वॉर्डबॉयला सांगितली. दोन महिन्यांनी, रक्तदाब ताब्यात आल्यावर आणि छातीत दुखण्याचे नायट्रेट औषध चालू नसल्याची खात्री करून, सिल्डेनाफिल २५ मिलिग्रॅम सुरू केले: रिकाम्या पोटी, तासभर आधी, आणि दारूशिवाय. जास्त मात्रा यकृतामुळे टाळली. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही, म्हणून ती इच्छा परतल्यानंतरच देण्यात अर्थ होता. तीन महिन्यांनी प्रश्नावलीचे गुण १३, सहा महिन्यांनी १८. जीजीटी ३८८ वरून ७१ वर आले, पेशींचा आकार ९६ झाला.

शुक्राणूंना वेळ लागतो. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर तो बाहेर पडण्याच्या मार्गावर आणखी काही दिवस असतो, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करून निराश होण्यात काही हशील नसतो. चौथ्या महिन्यात १ कोटी २० लाख, आठव्या महिन्यात १ कोटी ९० लाख आणि हालचाल ४० टक्के. वृषण १२ च्या मण्यापर्यंत आले, १५ पर्यंत नाही. स्तनांतले दुखणे गेले. गाठी लहान झाल्या तरी पूर्ण गेल्या नाहीत, कारण एक वर्षाच्या पुढे तिथे तंतुमय ऊती तयार होते आणि ती औषधाने विरघळत नाही. तळपायांची आग कमी झाली, अंगठ्यावरचे कंप अजून समजत नाहीत. ताठरतेच्या गुणांत जी उणीव उरली आहे तिचा मोठा भाग याच नसांचा असावा असे मला वाटते.

शिमग्यात तो घसरला. पालखी दारात आली, जुनी मंडळी आली आणि तीन दिवस गेले. पत्नीने त्या तीन दिवसांत सिल्डेनाफिलची पाकिटे तांदळाच्या डब्यात लपवली, आणि चौथ्या दिवशी आशाताईंना फोन केला. पुन्हा दाखल करावे लागले, या वेळी तीन दिवसांसाठी. संशयाची भाषा त्या तीन दिवसांत परत आली होती. दारू उतरल्यावर गेली. पत्नीने या वेळी त्याच्यासमोर सांगितले की पुढच्या खेपेला ती मुलीला घेऊन माहेरी जाईल, आणि हे वाक्य त्याच्या उपचारांच्या कागदावर तिच्या संमतीने लिहून ठेवले आहे.

यकृताच्या कडकपणाची फायब्रोस्कॅन तपासणी मुद्दाम सहा महिन्यांनी कोल्हापूरला केली, कारण दारू चालू असतानाच्या दाहाने तो आकडा फुगून येतो. ती ११ किलोपास्कल आली: प्रगत तंतुमयता, सिरोसिसच्या उंबरठ्याच्या थोडी अलीकडे. या टप्प्यावर थांबलेले यकृत काही प्रमाणात सुधारू शकते. पुन्हा रोजचे पिणे सुरू झाले तर ते पुढे सरकेल आणि संप्रेरकांचे चित्रही त्याच्याबरोबर बिघडेल.

वर्ष पूर्ण होताना गर्भधारणा झालेली नव्हती. पत्नी आता ३५ वर्षांची आहे. आणखी सहा महिने नैसर्गिक प्रयत्न करायचे आणि मग शुक्राणू धुऊन गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचा विचार करायचा, असे दोघांनी ठरवले आहे. बंदीच्या दोन महिन्यांसाठी त्याने नाखव्याकडून इंजिनदुरुस्तीचे काम मागून घेतले आहे, बिडी दिवसाला चारवर आली आहे, आणि त्याच्या यकृताची पुढची सोनोग्राफी डिसेंबरात आहे.